कडेची जागा

माझा कॅन्सर गुदाशयाचा होता. गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा, गुदद्वाराच्या लगेच वरचा भाग. आमच्या घरात, शाळेत, गल्लीत मात्र तो पहिल्यापासून 'पोटाचा कॅन्सर' म्हणूनच ओळखला गेला. तसं कुणी बसून ठरवलं नव्हतं. सासूबाईंनी फोनवर कुणाला तरी तसं सांगितलं, मग यांनी सांगितलं, मग मीही. पोटाचा म्हटलं की समोरचा हळहळतो आणि पुढचं विचारत नाही. गुदाशयाचा म्हटलं की त्याची नजर खाली जाते. एवढ्याशा संकोचाची किंमत पुढे फार मोजावी लागते. उपचार संपल्यावर जो त्रास सुरू होतो तो नेमका त्याच जागेचा असतो, आणि त्याबद्दल बोलायची दारं आपण आधीच लावून घेतलेली असतात.

उपचारांबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याबद्दल बोलायला माणसं मिळतात. आधी शेक, म्हणजे रेडिएशन. साधारण 25 ते 28 बैठका असतात, सोबत किमोच्या गोळ्या. मग ऑपरेशन. गाठ असलेला भाग काढला आणि वरचं आतडं खाली ओढून उरलेल्या टोकाला जोडलं. तो जोड नीट भरून यावा म्हणून लहान आतड्याचं तोंड काही महिने पोटावर काढून ठेवलं होतं, त्याला पिशवी. मग उरलेली किमो. शेवटी एक छोटं ऑपरेशन करून ते तोंड पुन्हा आत घातलं आणि पिशवी गेली. त्या आठवड्यात घरी पेढे आले. 'सुटलात बाई' असं प्रत्येकजण म्हणाला, आणि तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं.

पिशवी गेल्यावर काय होतं, ते आता नीट सांगते. सकाळी उठल्या उठल्या जावं लागतं. जाऊन येऊन चहाचं आधण ठेवेपर्यंत पुन्हा. होतं अगदी थोडं, पण पोट साफ झाल्यासारखं वाटत नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मग दोन तास काही नाही, आणि जेवण पोटात गेलं की परत तोच फेरा. एखाद्या दिवशी मुळीच होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्याची भरपाई. सगळ्यात वाईट म्हणजे ती कळ. ती हळूहळू वाढत नाही, एकदम येते, आणि आल्यावर हातात मिनिटभराचाही वेळ नसतो. वारा सरतोय की दुसरं काही येतंय हे कळत नाही. त्यामुळे वारा सरू देण्याचीही भीती वाटायला लागते. सतत धुऊन, पुसून कातडी सोलून निघते, बसवत नाही.

हे का होतं ते मला कळलं तेव्हा निम्मी भीती गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गुदाशय 12 ते 15 सेंटिमीटर लांबीचा असतो, आणि त्याचं मुख्य काम साठवण्याचं. गच्चीवरची टाकी काढून टाकली आणि नळ थेट मोटारीला जोडला तर जसं होईल तसंच आत होतं. मल आला की गुदाशय सैल होतो, ताणला जातो, आणि मेंदूला सांगतो की आलंय, पण घाई नाही. त्याच्या जागी ओढून आणलेलं आतडं अरुंद असतं. साठवणं त्याला माहीत नाही, पुढे ढकलणं तेवढं माहीत आहे. शिवाय गुदद्वाराच्या आतल्या अस्तराला एक फार नाजूक जाण असते. आलंय ते घट्ट आहे, पातळ आहे की नुसता वारा, हे ते ओळखतं. खालच्या ऑपरेशनात ही जाण बोथट होते. दरवाजा धरून ठेवणारे स्नायू दोन: आतला आपल्या हुकमाबाहेरचा, बाहेरचा आपल्या हुकमातला. विसाव्याच्या वेळी दरवाजा बंद ठेवायचं बरंचसं काम आतलाच करतो, आणि ऑपरेशनमध्ये धक्का बसतो तो बहुधा त्याला किंवा त्याच्या नसांना. शेकाने आजूबाजूचा भाग कडक होतो, ताणला जात नाही. आणि जेवल्यावर मोठं आतडं हलू लागणं ही तर प्रत्येकाच्या शरीराची रीत आहे, लहान बाळ दूध प्यायल्याबरोबर शी करतं ते त्यामुळेच. मधली साठवण नसली की या रीतीचा सगळा जोर थेट दारावर येतो.

यात माझ्या खाण्याचा, सवयींचा, मनाच्या कमकुवतपणाचा काही संबंध नव्हता. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. ऑपरेशनच्या आधी जोडाला गळती लागू शकते, रक्त द्यावं लागू शकतं, हे सगळं सांगितलं गेलं. 'नंतर शौचाला थोडं जास्त वेळा जावं लागेल, हळूहळू सवय होईल' एवढ्या एका वाक्यात पुढची सगळी वर्षं बसवली गेली.

त्या त्रासाला नाव आहे. लो अँटिरिअर रिसेक्शन सिंड्रोम, डॉक्टरमंडळी 'लार्स' म्हणतात. गुदाशय वाचवणाऱ्या, किंवा खरं तर गुदद्वार वाचवणाऱ्या, ऑपरेशननंतर साधारण दहातल्या चौघांना तो तीव्र स्वरूपात होतो. यात एक गोष्ट मी मनापासून मान्य करते, की हा त्रास फार मोठ्या प्रगतीच्या पाठोपाठ आला आहे. 1908 मध्ये लंडनचे सर्जन अर्नेस्ट माइल्स यांनी गुदाशय गुदद्वारासकट काढून पोटावर कायमची वाट करून देण्याची पद्धत मांडली, आणि पुढे अनेक दशकं खालच्या गाठीला तोच मार्ग होता. जोड घालायची यंत्रं आली. 1982 मध्ये इंग्लंडमधल्या बिल हील्ड यांनी गुदाशय भोवतालच्या चरबीच्या आवरणासकट अखंड काढण्याचं तंत्र मांडलं. गाठ त्याच जागी परत येण्याचं प्रमाण त्यामुळे खूप खाली आलं, आणि माझ्यासारख्या कितीतरी जणींची कायमची पिशवी टळली. कृतज्ञता आहेच. पण जगलो याची कृतज्ञता म्हणून पुढच्या त्रासाबद्दल तोंड उघडायचं नाही, असा हिशेब मला पटत नाही.

तपासणीच्या वेळी डॉक्टर विचारायचे, "दिवसातून किती वेळा जाता?" मी आकडा सांगायची, ते लिहून घ्यायचे, आणि स्कॅनकडे वळायचे. स्कॅन चांगला असला की सगळ्यांचे चेहरे उजळायचे. माझाही. पण तो आकडा माझ्या त्रासाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नव्हता. हे मला नंतर पाच प्रश्नांच्या एका कागदावरून कळलं. डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी 2012 साली हा कागद तयार केला. वारा रोखता येतो का, पातळ मल नकळत गळतो का, दिवसातून किती वेळा जाता, गेल्यावर तासाभरात पुन्हा जावं लागतं का, आणि धावत सुटावं लागेल अशी घाई लागते का. प्रत्येक उत्तराला गुण, एकूण 42. 20 पर्यंत लार्स नाही, 21 ते 29 सौम्य, 30 पासून पुढे तीव्र. शिक्षिका असल्याने माझं लक्ष आधी गुणांच्या वाटणीकडे गेलं. 'किती वेळा' या प्रश्नाला जास्तीत जास्त 5 गुण. तासाभरात पुन्हा जावं लागणं, 11. आणि घाई, 16. नुसत्या मोजणीत गोष्ट नाही, हे त्या वाटणीत स्वच्छ दिसतं. दिवसातून सहा वेळा, पण आपल्या सवडीने, असं जाणारा माणूस सुखात नोकरी करू शकतो. दोनदाच जाणारा, पण ती दोन कधी येतील याचा पत्ता नसलेला माणूस घराबाहेर पडत नाही.

2020 मध्ये या त्रासाची आंतरराष्ट्रीय व्याख्या ठरली तेव्हा डॉक्टर आणि नर्स यांच्यासोबत रुग्णांनाही मत विचारलं होतं. त्यांनी आठ लक्षणं मांडली आणि त्या लक्षणांचे आठ परिणामही मांडले: संडासाच्या जवळपास राहावं लागणं, डोक्यात सतत तोच विचार, मनावरचा ताण, नात्यांवर आणि शरीरसंबंधांवर होणारा परिणाम, जबाबदाऱ्या पार न पाडता येणं. किमान एक लक्षण आणि त्यामुळे आयुष्यावर झालेला किमान एक परिणाम, म्हणजे लार्स. माझ्या आयुष्यात काय बिघडलं हे सुद्धा आजाराच्या व्याख्येत धरलं गेलंय, हे वाचून मला खूप बरं वाटलं.

आता ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते. हा त्रास असलेली आपल्याकडची बहुतेक माणसं एकच उपाय करतात: खात नाहीत. बाहेर जायचं असलं की आदल्या रात्रीपासून पोट रिकामं ठेवतात. हॉस्पिटलच्या बाकावर बसून मी हे इतक्या जणांकडून ऐकलंय! एक काका पुण्याला यायचं म्हणून आदल्या दुपारपासून पाण्यावर होते. एक ताई मुलाच्या पालकसभेला जायचं म्हणून सकाळपासून काही खात नाहीत, आणि सभेत त्यांना चक्कर येते. आपल्याकडे उपास हा सगळ्यावरचा हक्काचा उपाय आहे, घरचे लोकही कौतुकाने म्हणतात, 'फार कडक पथ्य पाळतात हो.' पण यातून वजन उतरतं, अंगातली ताकद जाते. किमोतून नुकत्याच उठलेल्या शरीराला अन्न हवं असतं. आणि इतकं करून फायदा होतो म्हणावं तर तोही नाही. रिकाम्या आतड्यात वारा आणि पातळ पाणी राहतं, आणि रोखायला सगळ्यात कठीण तेच. थोडं घट्ट, आकार असलेलं असेल तर ते थांबवता येतं. म्हणून पोट रिकामं ठेवण्यापेक्षा मलाला आकार यावा हे पाहायचं असतं.

त्यासाठीची पहिली गोष्ट आपल्या प्रत्येक घरात असते. ईसबगोल. आपण ती बद्धकोष्ठावर, रात्री ग्लासभर कोमट पाण्यातून घेतो. तीच भुशी दह्यात किंवा अगदी थोड्या पाण्यात चांगली भिजवून घेतली आणि वरून लगेच भरपूर पाणी प्यायलं नाही, तर ती आतलं पाणी शोषून मल बांधते. माझ्या आईला हे जुलाबावरचं औषध म्हणून ठाऊक होतं. कोरडी मात्र कधीच घ्यायची नाही, घशात किंवा आतड्यात अडकू शकते. सुरुवात अगदी अर्ध्या चमच्याने, कारण पहिले काही दिवस वारा वाढतो. दुसरी गोष्ट म्हणजे लोपरामाइडची गोळी. जुलाब थांबवायची ही साधी, स्वस्त गोळी आतड्याची चाल मंदावते. ती त्रास सुरू झाल्यावर घेण्याची गोळी आहे असा माझा समज होता. डॉक्टरांनी सांगितलं, जेवणाच्या अर्धा तास आधी घ्या. त्या एका सूचनेने माझ्या दुपारी बदलल्या. किती आणि किती दिवस हे ज्याचं त्याने डॉक्टरांनाच विचारावं, कारण आतडं पार थांबवणंही बरं नाही.

खाण्याच्या याद्या भिंतीवर चिकटवून काही होत नाही, प्रत्येकाचं आतडं वेगळं. मऊ भात, साबुदाणा, केळं, बटाटा हे बहुतेकांना बांधून ठेवतं. मला नाचणीची भाकरी चालते, ज्वारीची सुरुवातीला चालत नव्हती. कोबी, पावटा, मोडाची मटकी, कच्चा कांदा यांनी वारा धरतो. तिखटाची आग जाताना परत एकदा भोगावी लागते. रिकाम्या पोटी चहा हा सकाळच्या फेऱ्या सुरू करणारा मोठा गुन्हेगार, म्हणून आता आधी दोन घास आणि मग चहा. शुगर-फ्री मिठाईतल्या काही गोडव्यांनीही पातळ होतं, हे मधुमेह असलेल्यांनी लक्षात ठेवावं. एका वेळी एकच पदार्थ बदलून आठवडाभर वहीत लिहावं. सगळं एकदम सोडलं तर कशाने बरं वाटलं ते कळत नाही, आणि माणूस वर्षभर दहीभातावर राहतो.

मग व्यायाम. शाळेत योगदिनाला आम्ही मुलांना आसनं शिकवतो, त्यामुळे अश्विनी मुद्रा मला माहीत होती. पण फिजिओथेरपिस्ट बाईंनी तपासलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही पोट आवळताय, मांड्या आवळताय. जे आवळायचं ते जागचं हललेलं नाही." बोट ठेवून, श्वास चालू ठेवून, नेमका तोच स्नायू वेगळा ओळखायला शिकायला वेळ लागला. आवळण्याइतकंच सैल सोडणंही शिकावं लागतं, नाहीतर पोट पूर्ण साफ होत नाही. कमोडवर बसताना पायांखाली घरातला जेवायचा जुना पाट घ्यायला त्यांनीच सांगितलं. गुडघे वर आले की उकिडवं बसल्यासारखी वाट सरळ होते. आणि एक मोठी गोष्ट त्यांनी शिकवली: कळ आली की धावायचं नाही. धावलं की पोटावर दाब वाढतो आणि दरवाजा सुटतो. जागच्या जागी थांबायचं, आवळायचं, कळेची लाट ओसरू द्यायची, मग चालत जायचं. हे ऐकायला सोपं आहे. जमायला काही महिने जातात, पण जमतं.

कातडीसाठी आपली पाण्याने धुण्याची पद्धत हे वरदान आहे. फक्त जेटचा जोरदार फवारा नको, मगातलं कोमट पाणी बरं. साबण नको. घासायचं नाही, सुती कपड्याने टिपायचं आणि झिंक ऑक्साइडचं मलम लावायचं, कातडी सोलवटायच्या आधीच.

एवढं सगळं करूनही माझी सकाळ माझ्या हातात नव्हती. आमची शाळा अकराची, त्यामुळे सोमवार ते शुक्रवार निभावायचं. शनिवारी सकाळची शाळा, साडेसातची. शनिवारच्या भीतीने शुक्रवारची झोप जायची. स्टोमा नर्सने, म्हणजे पोटावरच्या पिशवीची काळजी घ्यायला शिकवणाऱ्या नर्सने, इरिगेशनबद्दल सांगितलं ते यातूनच. इरिगेशन म्हणजे गुदद्वारातून कोमट पाणी आत सोडून आतड्याचा शेवटचा भाग स्वच्छ धुऊन काढायचा. आधी डॉक्टरांनी जोड तपासून बघितला, तो पक्का भरलाय आणि आखडलेला नाही याची खात्री केली. मग नर्सने समोर बसून शिकवलं. स्वतःच्या मनाने, एनिमाचा डबा आणून हे कुणी करू नये. क्वचित का होईना, आतड्याला इजा होऊ शकते.

बाथरूममध्ये टॉवेलच्या खुंटीला मी पाण्याची पिशवी अडकवते. खांद्याच्या उंचीला, फार वर नाही, नाहीतर पाणी जोरात जातं. पाणी मनगटावर सोडून बघते, ना गरम ना गार. नळीतली हवा आधी बाहेर काढते. टोकाला मऊ शंकू असतो, त्याला जेली लावून तो हलकेच टेकवून धरायचा, आत दामटायचा नाही. मग चाप थोडासा उघडते. पाणी जाताना एक भरल्यासारखी जाणीव होते, ऑपरेशनच्या आधी होती तशी, आणि पहिल्यांदा ती झाली तेव्हा मला रडूच आलं, कारण ती जाणीव मी विसरून गेले होते. कळ आली की चाप बंद करून श्वास घेते. अर्धा लिटर ते लिटर, ज्याला जेवढं मानवेल तेवढं. मग शंकू काढून बसून राहायचं. आधी पाणी, मग मळ, मग मध्ये शांतता, मग पुन्हा थोडं. पाऊण तास जातो. बाहेरून हे विचारतात, "ठीक आहे ना?" मी "हो" म्हणते. एवढंच आमचं बोलणं होतं, पण ते दारापाशीच घुटमळत असतात हे मला ठाऊक असतं.

शुक्रवारी रात्री हे केलं की शनिवारी आतडं गप्प राहतं. पहिल्यांदा शनिवारी पहिला तास पूर्ण शिकवून झाला तेव्हा घंटा वाजल्यावरच मला कळलं की या तासात मी एकदाही दाराकडे बघितलं नव्हतं.

मुख्याध्यापकांना सगळं खरं सांगितलं होतं. मला वाटलं होतं ते अवघडतील. त्यांनी वेळापत्रक पुढे ओढलं, माझा मधल्या सुट्टीनंतरचा लगेचचा तास काढला आणि वर्ग वरच्या मजल्यावरून खाली आणला, स्वच्छतागृहाच्या बाजूला. "एवढंच ना?" म्हणाले. एवढंच होतं. एवढ्यासाठी मी नोकरी सोडायचा विचार करत होते.

प्रवास ही अजूनही अवघड गोष्ट आहे. साताऱ्याहून पुण्याला एसटीने जाते तेव्हा दाराजवळची, कडेची जागा घेते. चढतानाच कंडक्टरला सांगते, "माझं आतड्याचं ऑपरेशन झालंय. अचानक थांबावं लागलं तर सांगेन." आजवर कुणी वाईट बोललं नाही. एकदा परतीच्या वाटेवर, खंबाटकी घाट नुकताच लागला असताना कळ आली. घाटात गाडी थांबवायला जागा नसते, असती तरी बाईमाणसाने जायचं कुठे? डोळे मिटून, फिजिओ बाईंचा आवाज मनात आणून, आवळून बसले. लाट गेली, परत आली, परत गेली. घाट उतरल्यावर पहिल्याच ढाब्यापाशी कंडक्टरने आपणहून बेल मारली, मला विचारलंही नाही. त्याने चेहऱ्यावरून ओळखलं असावं. माझ्या पर्समध्ये एक कपड्यांचा जोड, पॅड, पाण्याची बाटली, मलम आणि काळी पिशवी कायम असते. हे सगळं सोबत असलं की सहसा लागत नाही.

अमेरिकेत इलिनॉय राज्याने 2005 मध्ये कायदाच केला, की आतड्याचा आजार असलेल्या माणसाला दुकानदाराने आपलं आतलं स्वच्छतागृह वापरू द्यायचं. एका शाळकरी मुलीला दुकानात नकार मिळाला होता, तिच्या पाठपुराव्यातून तो आला. आपल्याकडे मुंबईत बायकांनी 'राइट टू पी' म्हणून 2011 पासून झगडा मांडला, त्यात मागणी मुख्यतः मुताऱ्यांची होती. महामार्गावर, एसटी स्टँडवर, बाजारपेठेत स्वच्छ, पाणी असलेला, आतून कडी लागणारा संडास ही कॅन्सरमधून उठलेल्या माणसाच्या पुनर्वसनाची गरज आहे. मी तिला औषधाच्याच रांगेत धरते.

नणंदेच्या मुलीच्या लग्नात मी पहिल्यांदा खरं बोलले. पंगत बसत होती. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही मधे बसा, मानाच्या." मी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "मला जेवताना मधेच उठावं लागेल कदाचित. माझं आतडं कापलंय, थांबवता येत नाही. मला कडेची जागा द्या, आणि मी उठले तर ताट उचलू देऊ नका, मी परत येऊन जेवणार आहे." त्या क्षणभर माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "इतके दिवस हे होतं? आणि आम्हाला वाटलं तुम्ही आमच्याकडे जेवत नाही." मला कडेची जागा मिळाली, मी मधे एकदा उठले, आणि परत आले तेव्हा वन्सं माझ्या ताटापाशी वाढप्याला अडवून उभ्या होत्या. त्या दिवशी मी जिलबीही खाल्ली.

काही जणांना यातल्या कशानेच पुरेसा आराम पडत नाही. त्यांच्यासाठी आणखी पायऱ्या आहेत. माकडहाडाच्या वरच्या नसांना उत्तेजन देणारं छोटं यंत्र त्वचेखाली बसवतात, ते महाग आहे आणि सगळ्यांना उपयोगी पडत नाही. आणि शेवटी पुन्हा पिशवी, या वेळी कायमची. हिच्याबद्दल लोक हरल्यासारखं बोलतात, ते मला आवडत नाही. तीव्र त्रासात वर्षानुवर्षं संडासाभोवती घुटमळत राहण्यापेक्षा नीट बसवलेल्या पिशवीसह नोकरी, प्रवास, नातवंडं सांभाळणारी माणसं मी पाहिली आहेत. घाई मात्र करू नये, कारण पहिल्या वर्ष-दीड वर्षात आतडं पुष्कळ सुधारतं. आणि त्यानंतरही त्रास टिकून असेल तर 'सवय होईल' हे उत्तर घेऊन घरी येऊ नये.

एक सावधगिरी. सगळंच लार्सच्या खात्यावर टाकू नका. रक्त पडलं, वजन उतरू लागलं, बसलेली घडी अचानक बिघडली, सतत अगदी बारीक-बारीकच होऊ लागलं, तर लगेच दाखवायचं. जोड आखडल्यानेही असं होतं आणि तो रुंद करता येतो. शेकामुळे लहान आतड्यात पित्त नीट शोषलं जात नाही, त्यानेही पातळ होतं, आणि त्यावर वेगळं औषध आहे.

परवा फलटणकडच्या एका बाईंचा फोन आला, हॉस्पिटलच्या बाकावरची ओळख. "ताई, बुधवारी तारीख आहे. मी मंगळवारपासून काही खाणार नाही." मी म्हटलं, खायचं. मंगळवारी रात्री मऊ भात आणि दह्यातली ईसबगोल, बुधवारी निघताना केळं, आणि गोळीचं डॉक्टरांना विचारायचं. त्या म्हणाल्या, "त्या साहेबांना हे कसं सांगू? शेजारी मुलगा असतो." म्हटलं, "मुलाला बाहेर बसवा. नाहीतर कागदावर लिहून न्या आणि कागद पुढे करा." मग मी पाच प्रश्न सांगितले आणि त्यांनी वहीत लिहून घेतले. शेवटच्या प्रश्नावर त्या थांबल्या. "घाईचं? ते तर रोजचंच आहे. ते पण लिहायचं?"

"त्यालाच सगळ्यात जास्त मार्क आहेत," मी म्हटलं. "ते सगळ्यात आधी लिहा."

बुधवारी काय झालं ते गुरुवारी कळवणार आहेत. सकाळी साडेनऊनंतर फोन करा म्हणून सांगितलंय, त्याआधी माझं आवरलेलं नसतं. त्या म्हणाल्या, "माझंपण."